भागूबुवांचा कौल

सासऱ्याने घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेर खोकावं, म्हणजे आतली सून पदर सावरते, अशी तेव्हा रीत होती. आमचे मामंजी रानात शिरण्याआधीही खोकायचे. देवराईच्या तोंडाशी वहाणा काढायचे, दोनदा खाकरायचे, जरा वाट बघायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. आत एवढं कोण आहे, असं नवी नवरी असताना मी एकदा धीर करून विचारलं. "कोन न्हाई ते इचार," ते म्हणाले.

मामंजी गावचे गुरव. राजगडाच्या मागच्या अंगाला, वेल्ह्याकडच्या डोंगरात आमचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर देवीची राई. तिथल्या देवीची पूजा आमच्या घराकडे होती. रोज देवाच्या अंगाला हात लावणाऱ्या माणसाने कशाला भ्यावं? पण मामंजींइतका भित्रा माणूस मी आजतागायत पाहिलेला नाही. 'भित्री भागूबाई' म्हणून पोरं एकमेकांना चिडवतात ना, त्यावरून गावाने त्यांचं नावच भागूबुवा ठेवलं होतं. लोक तोंडावरसुद्धा तशीच हाक मारायचे आणि ते निमूट ओ द्यायचे.

मी कामथडीची. आमच्याकडे सगळा मोकळा माळ, सडकेवर मोटार आली तर तिची धूळ कोसभर लांबून दिसायची. मामंजी वऱ्हाड घेऊन आले तेव्हा त्या मोकळ्या माळाचीच त्यांना धडकी भरली. इथे लपायला कुठे जागाच नाही, असं ते ज्याला त्याला सांगत होते. आणि भीतीने मान खाली घालून चालणाऱ्या या माणसालाच शेतातल्या ढेकळांमध्ये टिटवीची अंडी दिसली. ढेकळाच्याच रंगाची ती अंडी आमच्या गावाने जन्मभर न बघता तुडवली असतील. मामंजींनी वऱ्हाडाच्या गाड्या थांबवल्या. टिटवी डोक्यावर कर्कश ओरडत होती, आणि ते हात जोडून तिला सांगत होते, जातो बाई, दुसरीकडनं जातो. सगळ्या गाड्या वळसा घालून आल्या, मुहूर्त चुकता चुकता राहिला. माझे वडील आईला म्हणाले, व्याही लई भेदरट मिळाला, पोरीला जाच व्हायचा नाही.

जाच नव्हता. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा भोरला एका दुकानात कामाला, पंधरवड्यातून कधीतरी येणारा. घरात मी, मामंजी, आणि परसदारी ती राई. भर दुपारी आत दिवेलागणीसारखा अंधार असायचा. माणसाच्या मांडीएवढे गारंबीचे वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेले. गावाचा पाण्याचा झरा राईच्या पायथ्याशी, त्यामुळे घागर घेऊन रोज त्या अंधाराच्या तोंडाशी जावंच लागे. वर शेकरू खाकरलं तरी माझ्या हातातली घागर हिंदकळायची. माळावरच्या मुलीला अंधार माहीत असतो, पण असा कान टवकारून बसलेला अंधार मला माहीत नव्हता.

मामंजींची भीती मात्र सरसकट नव्हती. ज्याची त्याची वेगळी होती. चापडा साप हिरवा, कारवीवर हाताच्या उंचीला बसतो, म्हणून तिथून हात छातीशी धरून चालायचं. घोणस पाचोळ्यात पडून राहते, म्हणून काठी आपटायची. बिब्ब्याखालून पावसात जायचं नाही, अंग सुजतं. सातवीण फुलली की तिच्याखाली टेकायचं नाही, डोकं धरतं. आग्या मोहोळाखाली बोलायचं नाही. खवल्या मांजर कुणाला काही करत नाही, पण त्यालाही ते भ्यायचे. का, तर ते स्वतःच इतकं भितं की अंगाचा गोळा करतं, आणि एवढं भिणाऱ्या जनावराला नक्की काहीतरी ठाऊक असणार. असं करत करत राईतलं पान न् पान त्यांना पाठ झालं होतं. घाबरलेला माणूस नीट बघतो, हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकले.

एकदा मी राईच्या कडेला पडलेली वाळकी फांदी सरपणाला उचलून आणली. मामंजींचा चेहरा पांढराफटक झाला. "ठेव माघारी," ते म्हणाले. "पडल्याल्या लाकडात बी कुनीतरी ऱ्हातंया." मी वैतागून म्हटलं, किती भ्यायचं माणसाने? तर म्हणाले, "भ्याल्यानं कुनाचं नुस्कान हुत न्हाई, सूनबाई. न भ्यालेली मान्सं नुस्कान करत्यात." ती फांदी मी डोळे मिटून होती तिथे ठेवून आले.

मग लढाईचे दिवस आले. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालायला लागल्या आणि कोळशाला सोन्याचा भाव आला. ओढ्यापलीकडचा डोंगर एका ठेकेदाराने उन्हाळ्यात तोडला आणि तिथेच भट्ट्या लावल्या. धुराने आमचे डोळे चुरचुरायचे. पाऊस लागला तशी रानडुकरं गावच्या नाचणीत घुसली, उंदीर कणगीत आले, आणि एक घोणस आमच्या न्हाणीत येऊन बसली.

पण मामंजींनी हाय खाल्ली ती त्याआधीच, तोड चालू असताना. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. नर बाहेरून फळं आणून एका फटीतून तिला भरवतो. अशाच एका लिंपलेल्या ढोलीचं झाड त्या तोडीत पडलं. त्यानंतर चोचीत उंबर धरून तो नर, जिथे झाड होतं तिथल्या रिकाम्या हवेत घिरट्या घालत होता. मामंजी ओढ्याच्या काठावरून बघत बसले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. हे सारं आता कुठं जाईल, एवढंच दोनतीनदा म्हणाले.

दिवाळीनंतर ठेकेदार आमच्या राईसाठी आला. देवी उघड्यावर भिजते, तिला चिरेबंदी देऊळ बांधून देतो, त्या बदल्यात झाडं द्या, असं त्याचं बोलणं. पाटलांना ते पटलं. गावालाही पटलं, कारण शेजारच्या गावांत दगडी देवळं होती आणि आमची देवी पाऊसपाण्यात. पण देवीला विचारल्याशिवाय राईतली काडी हलत नसे. कौल लावायचा ठरला आणि कौल लावणार मामंजी. मला तेव्हा सहावा महिना होता.

कौल म्हणजे देवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सकाळची वेळ होती. पाटील, ठेकेदार आणि गाव मागे हात जोडून उभं. पाषाण खोलगट जागेत, मामंजी पुढे वाकले की मागच्यांना त्यांची पाठच दिसायची. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला होते. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी. मामंजींनी पाकळ्या लावल्या, राई तोडू का म्हणून विचारलं आणि डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

उजवी पडली. अगदी सहज, जणू वाटच बघत होती. मामंजींनी डोळे उघडले, पाकळी पाहिली आणि त्यांचा हात पुढे गेला. डावी पाकळी त्यांनी बोटाने खाली पाडली, उजवी उचलून जागेवर दाबून धरली. मग माझ्याकडे पाहिलं. असे डोळे मी फक्त सापळ्यातल्या सशाचे पाहिले आहेत. पाटलांनी मागून विचारलं तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "डावी."

ठेकेदाराला संशय आला. पुन्हा लावा म्हणाला. पण पाटीलच त्याच्यावर उखडले. "भागूबुवा देवीच्या नावानं खोटं बोलायचा न्हाई," ते म्हणाले. "त्याची तेवढी छातीच न्हाई." लोक हसले, मामंजी थरथर कापत होते, आणि ते कापणं बघूनच सगळ्यांची खात्री पटली.

आम्ही घरी आलो. देवीने होकार दिला होता, आणि आम्ही दोघांनी मिळून तो लपवला होता. कोप झाला तर कुणावर होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पोटातलं लेकरू हललं. जन्मात पहिल्यांदा मी सासऱ्यांना काही करायला सांगितलं. "मामंजी, खरं सांगून टाका. माझ्या पोटात लेकरू हाय."

ते उठले. वहाणा घातल्या, उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले, वहाणा काढल्या. पुन्हा घातल्या. शेवटी तिथेच बसले. "न्हाई हुत माझ्याच्यानं," ते म्हणाले. "देवीला म्या लई भितो. पर त्यो उंबर घिऊन फिरनारा पक्षी डोळ्यापुढनं हालत न्हाई. त्याला जास्ती भ्यालो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कामथडीला धाडलं. देवीची हद्द ओढ्यापर्यंत, पलीकडे तिचा हात पोचायचा नाही, असा त्यांचा हिशेब. गाडीत बसताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की मीही पाहिलं नाही. झाडांपायी ज्याने माझं लेकरू पणाला लावलं, तो कसला भित्रा, असं मनात येत होतं.

माहेरी ते महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आईला सांगायची सोय नव्हती. बाळ जरा वेळ हललं नाही की घाम फुटे, फार हललं तरी घाम फुटे. कळा सुरू झाल्या तेव्हा प्रत्येक कळ म्हणजे देवीचा हात वाटत होता. मुलगी झाली. सुईण 'लक्ष्मी आली' म्हणत होती आणि मी तिच्या हातापायांची बोटं चाचपत होते. मुलगी धडधाकट होती. मी रडले ते सगळ्यांना मुलगी झाली म्हणून वाटलं.

तिला घेऊन परत आले तेव्हा मामंजी ओढ्यावर उभे होते. मी बाळ पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले, राईकडे तोंड केलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की बैल बुजले. "कुनाचं पोर हाय ह्ये?" मला वाटलं, मुलगी झाली म्हणून हा तिरस्कार. घरी आल्यावर ते माझ्याजवळून जाता जाता हळूच म्हणाले, "माझी नात हाय म्हनून देवीला कळाया नगं."

आणि त्यांनी ते कळू दिलं नाही. कधी उचलून घेतलं नाही, कधी नावाने हाक मारली नाही. पानावर करवंदं, जांभळं ठेवून मला सांगायचे, कुणाच्या तरी पोरीला दे. तिला हिवताप आला तेव्हा अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, शेजारची पोर कशी हाय? पुढच्या एका उन्हाळ्यात धनेशाची जोडी आमच्या राईत आली. मी त्यांना दाखवायला गेले, तर त्यांनी नुसतं खाकरून घेतलं आणि मान वर केली नाही. गावाच्या लेखी भागूबुवा म्हातारपणी चळले होते. पोरगीसुद्धा गावासारखी त्यांना भागूबुवाच म्हणायची. तिला 'आजोबा म्हण' असं सांगायची मलाही भीती वाटायची. ती त्यांची भीती माझ्यात कधी उतरली, ते कळलं नाही.

पोरगी शाळेत जायला लागली त्या थंडीत मामंजी अंथरुणाला खिळले. भोरला निरोप गेला, पण त्यांचा मुलगा येईपर्यंत ते राहतील असं दिसेना. पाटील आले, चार माणसं जमली. तोंडात पाणी घालायचं तर रक्ताचं कुणीतरी हवं, म्हणून पाटलांनी पोरीच्या हातात पळी दिली. ती उशाशी बसली. मामंजींनी डोळे मिटलेले होते, ओठ सुकून फुटलेले. "बुवा, तोंड उघडा," पाटील म्हणाले. "तुमची नात पानी देतीया."

मामंजींनी दात आवळले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. पाटलांनी पुन्हा तेच सांगितलं, तशी त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. शुद्ध गेली, असं माणसं आपसांत म्हणू लागली. पोरगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

मी पदर सावरून पुढे झाले. पाटलांसमोर, चार पुरुषांसमोर, राईपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेजारची पोर हाय, मामंजी. आपली कुनी न्हाई. घ्या पानी."

त्यांनी मान वळवली. डोळे उघडले आणि पोरीकडे बघत राहिले. इतक्या जवळून त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी तोंड उघडलं.