मायाप्पाची मेंढरं आणि गाडीचा पुढचा बंपर

आधीच सांगून टाकतो... देवस्की, भूतखेत, भानामती यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजच्या पोरांना फिजिक्स शिकवण्यात माझी नोकरी संपली. कुणी असले अनुभव सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारायचो, "उजेड कितपत होता? आणि जेवला होता का तुम्ही?" त्यामुळे असल्याच अनुभवांच्या या सदरात आपणच लिहायला बसावं याचं मलाच हसू येतंय. पण जे सांगतोय ते भर दिवसा घडलं, चौघापाचांनी पाहिलं, आणि मी पोटभर जेवलेला होतो.

लढाई संपली होती, पण पेट्रोल अजून कूपनावरच मिळत होतं, तेव्हाची गोष्ट. माझी बायको इंदू उंब्रजची. तिचा धाकटा भाऊ यशवंता फौजेत मोटारींच्या वर्कशॉपला होता. इजिप्त, इटली करून तो नुकताच घरी आला होता. घरी ऊस होता, पण याचं मन काही उसात रमेना. पाचगणीचा एक गोरा साहेब सगळं विकून विलायतेला निघाला होता, त्याच्याकडून यानं एक जुनी टू-सीटर स्पोर्ट्स गाडी घेतली. लांबलचक बॉनेट, दोनच सीटा, छप्पर म्हणजे फाटकं कॅनव्हास. सासरे म्हणाले, "बैल घेतला असता तर कायतरी उपेग झाला असता." यशवंतानं ते ऐकूनच घेतलं नाही.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही उंब्रजला गेलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी यशवंता म्हणाला, "चला दाजी, पाटणच्या अंगाला एक चक्कर मारून येऊ. गाडी पळती कशी ते बघा तरी."

गाडी पळत होती छान. फक्त खड्डा आला की पुढून खर्र... असा आवाज यायचा. पुढचा बंपर डाव्या बाजूला आत वाकला होता आणि चाकाच्या मडगार्डला घासत होता. बंपर जुन्या पद्धतीचा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन समांतर पट्ट्या, वरचं निकेल जागोजागी उडालेलं. "ह्यो काढून सरळ केला पायजे," यशवंता म्हणत होता, तेवढ्यात वळणावर मेंढरांचा कळप आडवा आला.

यशवंतानं हॉर्न वाजवला. मेंढरं मोटारीला किती भितात ते तुम्हाला माहीत आहे. एक बिचकलं की सगळी सैरावैरा. पण ही थांबली. मग वळली. आणि शांतपणे चालत गाडीकडे यायला लागली! गाडीच्या पुढे दाटीवाटीनं उभी राहिली, माना खाली घालून, बंपरकडे तोंड करून. एकही ओरडत नव्हतं. इतक्या मेंढरांची इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती... इंजिन बंद केलं तर गळ्यातली एखादी घंटा तेवढी किणकिणत होती.

मागून धनगर धावत आला. उतारवयाचा, खांद्यावर घोंगडं, मिश्या पांढऱ्या. जत भागातला मायाप्पा. दरवर्षी उन्हाळ्यात तो आणि त्याची बायको मेंढरं घेऊन इकडे नदीकाठाला यायचे, त्यामुळे यशवंता त्याला ओळखत होता.

"काय ठेवलंय रं गाडीत?" मायाप्पानं विचारलं.

"काय न्हाई मामा. बगा की, मोकळीच हाय."

मायाप्पानं हाकारलं, शीळ घातली, काठी आपटली. म्होरक्या एडक्याचं शिंग धरून ओढलं. एडका दोन पावलं गेला आणि परत येऊन उभा राहिला. शेवटी आम्ही गाडी रिव्हर्समध्ये घातली, तर मेंढरं मागोमाग! रस्त्याकडेच्या वावरात जागा बघून यशवंतानं कशीबशी गाडी वळवली आणि जोरात घराकडे काढली, तेव्हा सुटका झाली.

घरी आल्यावर मी उत्साहानं कारणं सांगायला बसलो. बंपरला मीठ लागलं असेल. किंवा निकेलची चमक. किंवा रेडिएटरची ऊब. यशवंता म्हणे पेट्रोलचा वास. इंदू भाकऱ्या थापत होती, ती तिथूनच म्हणाली, "अहो, गाडी हवीय त्यांना का नुसता बंपर, ते तरी आधी बघा. नाहीतरी तो काढायचाच आहे ना?"

मला स्वतःला हे सुचायला हवं होतं... असो.

बंपर काढणं म्हणजे तसं मोठं काम नाही. तो दोन लोखंडी ब्रॅकेटवर बसवलेला असतो आणि ते ब्रॅकेट चेसिसच्या पुढच्या टोकांना बोल्टनं आवळलेले. पण बोल्ट इतके गंजले होते की पाना लावला तर बोल्टाऐवजी गाडीच हलायची. यशवंतानं रॉकेल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मुरू दिलं. मग तो गाडीखाली उताणा झाला आणि मी बंपर हातांवर तोलून धरला. "दाजी, सोडू नका हां. शेवटचा नट निघाला की समदं वजन तुमच्यावर येनार." आलंही. चांगलाच जड होता.

बंपर परड्यातल्या भिंतीला टेकवून ठेवला आणि गाडी तशीच बोडकी घेऊन आम्ही मायाप्पाच्या कळपासमोर गेलो. हॉर्न वाजवायचीही गरज पडली नाही. गाडी दिसताच मेंढरं धूळ उडवत चौफेर पळाली! मायाप्पानं आम्हाला शिव्या घातल्या, त्याही योग्यच.

संध्याकाळी कळप आमच्या गल्लीतून नदीकडे चालला होता. परड्याच्या गडग्यापाशी आला आणि थांबला. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, जिच्यापलीकडे बंपर होता. त्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं.

मग मात्र मी पेटलो. पुढचे काही दिवस मी दुसरं काही केलं नाही. बंपर धुण्याच्या सोड्यानं घासला, मीठ-वास काय असेल ते जाऊ दे. पोत्यात गुंडाळला, चमक नको. होकायंत्र आणून बघितलं, तर सुई हलायची, पण कुठल्याही लोखंडानं हलते तेवढीच. शेजारी तसलीच जुनी लोखंडी पट्टी ठेवली. मेंढरं तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत, पोत्यातल्या बंपरपाशी मात्र येऊन उभी. चाटायची नाहीत, हुंगायची नाहीत, नुसती उभी. बरं, शेळ्यांना काही नाही, म्हशींना काही नाही. मायाप्पाच्या कुत्र्यालाही काही नाही, ते बिचारं त्यावर तंगडी वर करून गेलं.

मायाप्पाला आधी गंमत वाटली होती. हळूहळू त्याचा चेहरा उतरायला लागला. एकदा परड्यात येऊन तो पोत्याकडे बघत बसला.

"मास्तर, दादल्याचं बायकू ऐकत न्हाई ते मी बगितलंय," तो म्हणाला. "पर ही मेंढरं हाताखाली जल्मली माज्या. माज्या हाकंवर दरडीवरनं खाली आल्यात. आन आता ह्या लोखंडाम्होरं मी कोन न्हाई."

"मामा, आम्ही शोधतोय कारण," मी म्हणालो.

"कारन घावलं तर मला बी सांगा," म्हणाला आणि घोंगडं झटकून उठला. त्याच दिवशी त्यानं तळ हलवला. तारळी नदी कृष्णेला मिळते तिथं पात्रात एक बेटासारखा उंचवटा होता, उन्हाळ्यातही हिरवं गवत असायचं. दोन्ही बाजूंनी पाण्याची घोट्याएवढी धार. तिथं त्यानं मेंढरं नेली.

इकडे यशवंतानं बंपर सरळ करायला घेतला. लोहाराच्या भट्टीत घालू द्यायला तो तयार नव्हता. "तापवला तर पट्टीचं पानी उतरंल, पोलाद मऊ पडंल, मग वाकलं की वाकलंच." बाभळीच्या दोन ओंडक्यांत अडकवून आम्ही दोघांनी तो थंडच हळूहळू दाबून रेषेत आणला. दुपारची जेवणं झाली, आता बसवायचा म्हणून बोल्टांना ग्रीस लावत होतो... आणि मायाप्पाची बायको, बायजाबाई, धापा टाकत दारात आली.

"आवं, चला की कुनीतरी! पानी वाडाय लागलंय! मेंढरं हालंनात!"

उंब्रजमध्ये पावसाचा थेंब नव्हता. पण पाटणच्या बाजूचे डोंगर काळेभोर झाले होते. वरती वळीव कोसळला असणार, आणि तारळी ते पाणी घेऊन खाली निघाली होती. मेंढरू पाण्याला किती घाबरतं! एकदा त्यांनी गोल धरून माना आत खुपसल्या की मारून टाकलं तरी हलत नाहीत. त्या दोघांचं सगळं जग त्या बेटावर उभं होतं.

यशवंता दोर शोधायला लागला. इंदू मध्येच म्हणाली, "दोर काय करताय? बंपर उचला."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. वाद घालायला वेळ नव्हता. एक टोक यशवंताच्या खांद्यावर, दुसरं माझ्या, आणि आम्ही पळत सुटलो. लोक दारात येऊन बघत होते, मोटारीचा बंपर प्रेतासारखा खांद्यावर घेऊन हे दोघं नदीकडे का चाललेत म्हणून.

धार गुडघ्यापर्यंत आली होती. पाणी गढूळ, लाल, वरून काटक्या वाहत येत होत्या. पलीकडे मायाप्पा एकेक मेंढरू ओढत काठाशी आणायचा आणि सोडलं की ते परत आत पळायचं. त्याचा आवाज बसला होता. आम्हाला बघून तो बाजूला झाला.

आम्ही बेटावर चढून उभे राहिलो. सांगतो त्यात तिखटमीठ नाही... आधी एडक्यानं मान वर केली. मग त्याच्या शेजारच्यानं. मग एकेक करत सगळ्या कळपानं. ओरडा थांबला. फक्त पाण्याचा आवाज.

"फिरा दाजी, सावकास," यशवंता कुजबुजला.

आम्ही वळून पाण्यात उतरलो. मागे बघायची माझी छाती होत नव्हती. पाणी मांड्यांना लागलं, पायाखालची वाळू सरकायला लागली. मग माझ्या कमरेला मऊ काहीतरी घासलं. लोकर. दोन्ही बाजूंनी मेंढरं चालली होती, पाठीपर्यंत पाण्यात, माना वर करून, न ओरडता, एकाला एक चिकटून. मायाप्पा दोन्ही काखेत कोकरं घेऊन शेवटी येत होता. बायजाबाई काठावर उभी राहून तोंडात पदर कोंबून बघत होती.

काठ चढून आम्ही वरच्या वावरात पोहोचलो आणि बंपर खाली ठेवला. मायाप्पानं कळपात फिरून प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवला. एकही कमी नव्हतं. थोड्या वेळानं बेटावरचं गवत दिसेनासं झालं.

आणि मेंढरं? ती बंपरला वळसा घालून चरायला निघून गेली. एकानंही त्याच्याकडे परत बघितलं नाही.

मला वाटलं दमली असतील, घाबरली असतील. दुसऱ्या दिवशी आम्ही बंपर गाडीला चढवला. यशवंताची पद्धत अशी, की सगळे बोल्ट आधी हातानं लावायचे, मग लांब जाऊन बंपर समतल दिसतो का बघायचा, आणि मगच पान्यानं आवळायचे. छान बसला. खर्र आवाज गेला. गाडी घेऊन आम्ही मायाप्पाच्या कळपासमोर गेलो, तर मेंढरं धूळ उडवत पळाली. मी हट्टानं बंपर परत उतरवला, नुसता बंपर समोर नेला, पोत्यात घालून नेला, पोत्याशिवाय नेला... काही नाही. चार बोल्टांवरचा साधा लोखंडी तुकडा.

मायाप्पानं दूर जाऊन बसक्या आवाजात हाक दिली. सगळा कळप वळला आणि त्याच्याकडे धावला. म्हातारा मेंढरांच्या गर्दीत उभा राहून हसत होता आणि घोंगड्यानं डोळे पुसत होता.

"मास्तर, घावलं का कारन?"

"नाही मामा."

"ऱ्हाऊ द्या मग," म्हणाला.

मी राहू दिलं नाही. पाचगणीला जाऊन आलो. साहेब गेला होता, पण त्याचा ड्रायव्हर भेटला. साहेबानं कधी मेंढरं पाळली नव्हती. उलट तो म्हणाला की हा बंपर गाडीचा मूळचा नव्हेच. मूळचा एका घाटात मोडला, हा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला. कुठल्या गाडीचा, कुणाकडून, ते त्याला ठाऊक नव्हतं. तिथं वाट संपली. सांगलीत एका गुरांच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या दिवशी उन्हात फार हिंडला होता का?"

पुढे यशवंताला मूल झालं, दोन सीटांची गाडी पुरेना, ती विकायची ठरली. मिरजेचं एक गिऱ्हाईक गाडी बघायला आलं तेव्हा मी तिथंच होतो. बॉनेट उघडून बघितलं, टायरांना लाथा मारून झाल्या, मग तो पुढे वाकला आणि बंपरवर बोटानं टकटक करत म्हणाला, "ह्यो बंपर ओरिजनल न्हाई वाटतं. कसा हाय?"

यशवंतानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं.

"मजबूत हाय," तो म्हणाला.

मी मान डोलावली.