अध्यक्षांचं मत

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे विष्णुपंतांनी, दिल्लीत लोकसभा सचिवालयात तीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त होऊन ते आमच्याकडे सावेडीत आले. तेव्हापासून टीव्हीवर कायम संसद. अध्यक्ष एका बाजूला झुकतायत असं वाटलं, की चहा गार होईपर्यंत यांची चिडचिड चालायची. खुर्चीवरच्या माणसाला पक्ष नसतो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले.

अशा माणसाला सोसायटीनं अध्यक्ष केलं. दुसऱ्या कुणाला ते लचांड नकोच होतं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. दिवाळीपासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. शेवटी लिफ्टचा विषय सभेत आला. बाजूनं पाच मतं पडली, विरोधात पाच. निकाल आता अध्यक्षांच्या मतावर होता. मी मनातल्या मनात लिफ्टचं बटण दाबूनसुद्धा टाकलं.

बाबा उठले. म्हणाले, "मतं समान पडली तर अध्यक्षानं आहे ते तसंच राहू द्यावं, असा संकेत आहे. बदल सभागृहानं करावा, माझ्या एकट्याच्या मतानं नको." आणि लिफ्टच्या विरोधात मत देऊन मोकळे झाले. सभागृह म्हणे! पार्किंगमध्ये मांडलेल्या अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या त्या.

घरी आल्यावर माझा तोल सुटला. आई मुकाट्यानं मेथी निवडत होत्या, त्याचा मला जास्तच राग आला. मी म्हणाले, "मग सोडा ना ती खुर्ची. साधे सभासद व्हा आणि आईंसाठी मत द्या."

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून त्यांनी खरोखरच राजीनामा लिहिला. मला केवढा आनंद झाला. त्यांचं मत धरून आता आम्ही सहा होतो.

त्यांच्या जागी तळमजल्यावरचे कानिफनाथराव अध्यक्ष झाले. लिफ्टच्या विरोधातले, पण दुसरं कुणी पुढे आलंच नाही. सभेत कोणता विषय घ्यायचा हे आता ते ठरवतात. टाकीची सफाई झाली, गेटचा रंग झाला, लिफ्ट काही विषयपत्रिकेवर येत नाही. बाबा बोलायला उभे राहिले की कानिफनाथराव म्हणतात, पुढच्या सभेत बघू, बसा. आणि बाबा बसतात! खुर्चीनं बसा म्हटल्यावर बसायचं असतं, हे वर मलाच समजावतात. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

परवा तिसरी सभा झाली. आम्ही वर आलो तेव्हा आई दारातच भिंतीला धरून उभ्या होत्या. मतदान झालं का, त्यांनी विचारलं.

"विषय आला नाही," बाबा म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

"येईल गं पुढच्या वेळी," आई माझ्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या. बाबा अध्यक्ष होते तेव्हा निदान मतदान तरी झालं होतं, आणि त्यांना खुर्चीवरून उठवणारी मीच.