लाल लय झालाय

नामांतराच्या दंगलीनंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघा ड्रॉइंग मास्तरांनी सेलूत बंद पडलेल्या जिनिंगची एक खोली मागून घेतली आणि आपली चित्रं मांडली. फारसं कुणी फिरकत नव्हतं. जे यायचे ते माझ्या 'पेटलेली वस्ती' या मोठ्या चित्रापुढं थांबायचे. जळती वस्ती मी पाहिलेली नव्हती. पेपरात वाचून लाल रंगाच्या ट्यूबा रिकाम्या केल्या होत्या.

एक माणूस मात्र रोज दुपारी यायचा. मोंढ्यात हमाली करत असावा. मुंडाशाला कापूस चिकटलेला असायचा. वहाणा काढून काखेत धरायचा आणि उंबऱ्याबाहेरूनच मान तिरकी करून चित्र बघायचा. देऊळ समजतो की काय, असं मला वाटायचं. खोटं कशाला सांगू, बरंही वाटायचं.

आठव्या, शेवटच्या दिवशी तो बोलला, "मास्तर, लाल लय झालाय."

"आग आहे ती," मी खुर्चीतूनच म्हणालो.

"आग लावणाऱ्याला दिसती. आमी रानात पळालो होतो. सकाळी येऊन बघितलं तर घर, चूल, दावणीची शेळी, सगळं पांढरं. नुसती राख."

वहाणा पायात घालून तो गेला.

मी लाल खरवडून राखेचा पांढरा भरला. पुढं औरंगाबादेत त्या चित्राचं कौतुक झालं. भाषणात मी त्याचं बोलणं सांगितलं. टाळ्या पडल्या. खाली बसताना ध्यानात आलं, आठ दिवसांत मी त्याला एकदाही 'आत या' म्हटलं नव्हतं.