समोरासमोरच्या खिडक्या

ऐन ऑगस्टात, घराबाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते तेव्हा, दोहात खिडक्या सताड उघडणारा एकच माणूस मी पाहिला. आम्ही त्यांना खिडकीवाले चाचा म्हणायचो. मूळचे रत्नागिरीचे, इथे एक गोदाम सांभाळायचे. अल थुमामा वस्तीतल्या एका व्हिलात प्लायवूडचे आडोसे ठोकून तुकडे पाडले होते, मालक त्यांना 'सूट' म्हणे. चाचांचा सूट माझ्या शेजारी होता.

रात्रभर एसी, पहाटे फजरच्या नमाजाला उठले की एसी बंद आणि दोन्ही खिडक्या उघड्या. "घराला दोन तोंडं पाहिजेत, साहेब. एकानं वारा घ्यायचा, दुसऱ्यानं सोडायचा." त्यांच्या गावी ते खरंच होतं. इथे गार पडलेल्या भिंतींवर समुद्राची वाफ येऊन बसे. कपाटामागे काळी बुरशी धरली होती.

मी एसीचा इंजिनियर, वेस्ट बे भागातल्या मोठ्या हॉटेलांच्या लॉबींची हवा आखून देत असे. तिथे कोणी राहत नसल्याने तक्रारही येत नसे. चाचांनी मात्र घायकुतीला येऊन सल्ला विचारला. मुलींची लग्नं झाली होती आणि इतक्या वर्षांनी चाची इथे येऊन राहायला तयार होती. पण तिला दमा होता. "ओल दिसली तर ती थांबायची नाही. तुम्ही सांगाल ते करतो."

खिडक्या बंद झाल्या. मागून हवा खेळावी म्हणून कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं. ओले कपडे खोलीतून गच्चीवर गेले. भात शिजेपर्यंत एक्झॉस्ट फॅन चालू. चाची यायच्या आत भिंत खडखडीत झाली. चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, "हात लावून बघा की! पापड वाळतील."

चाचीला एकदाही खोकला आला नाही. भिंतीचं तिने कौतुकही केलं. मग चाचा कामावर गेले की ती बंद खिडकीशी खुर्ची ओढून बसू लागली.

"तिकडे धाप लागायची, भाऊ," ती मला म्हणाली. "पण शेजारीण खिडकीतून विचारायची, बरी आहेस का गं? इथे दिवसभर माणसाचा आवाज नाही."

"थोडी कळ काढा. थंडी पडली की उघडता येतील खिडक्या."

ती हसली. थंडी पडायच्या आत परत गेली.

चाचा विमानतळावरून आले त्याच्या दुसऱ्या सकाळी शेजारून कड्यांचा आवाज आला. आधी एक खिडकी, मग समोरची. बाहेर हवा अजून चिकट होती.

मी दारात जाऊन म्हटलं, "चाचा, भिंत परत ओली होईल."

"होऊ दे," ते म्हणाले. "आता कोणाला खोकला येणार आहे?"