बायकोची गाडी आणि माझा पाना

आमच्या घरी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी आहे. तीनच गिअर, तेही ती आपल्या मनानं बदलते. ती घेतली बायकोसाठी. लहानपणी आलेल्या तापानं बायकोचा डावा पाय अधू झाला, तो क्लच दाबू शकत नाही. या गाडीला क्लचचं पेडलच नाही. ही गाडी येईस्तोवर वीस वर्षं मी तिला सौंसरहून बोरगावच्या शाळेत शिकवायला मोपेडवर सोडत होतो. सोडत होतो म्हणजे उशिरा सोडत होतो. हेडमास्तर हजेरीवहीकडे न पाहता माझ्याकडे पाहायचे.

गाडी आली आणि बाई स्वतः जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी मी गेटपाशी उभा राहून हात हलवला. तिनं पाहिलंच नाही, ती आरशात पाहत होती.

यंदा दसऱ्यानंतर मात्र गाडीला काहीतरी झालं. पहिला गिअर सोडायलाच तयार नाही. इंजिन केकाटतंय, गल्लीतली कुत्री उठून उभी राहताहेत, आणि दुसरा गिअर पडतो तो पार बसस्टँड ओलांडल्यावर. समोरच्या काकू म्हणाल्या, "काऊन रडून राहिली हो तुमची गाडी?"

गावातल्या दोन मिस्त्रींनी एकच निदान केलं: गिअरबॉक्स खोलावा लागते, आणि तो आम्ही खोलत नाही. नागपूरहून साळ्याचा फोन आला. "भाऊजी, माह्या ओळखीचा गिऱ्हाईक आहे. रविवारी संध्याकाळी पाठवतो, देऊन टाका गाडी."

मी मोठ्या मनानं बायकोला म्हणालो, "काय बिघडलं? मी सोडून देत जाईन ना तुले."

ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली. "म्हणजे पुन्हा तुमची आंघोळ होईस्तोवर मी दारात उभी राहू?"

एवढंच बोलली. पण त्या रात्री जेवताना कोणी कोणाला पोळी वाढली नाही, आणि माझ्या लक्षात आलं की विकायला निघाली आहे ती गाडी नाही.

पांढुर्ण्याला एक जुने मिस्त्री आहेत. उमेदीची वर्षं नागपुरात गिअरबॉक्स उघडण्यात घालवून गावी परतलेले. रविवारी सकाळी तिकडे गेलो. मी खाली उतरून आजार सांगायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "भाऊ, गाडी कोण चालवते?"

"मी," बायको म्हणाली.

"मग तुम्ही सांगा मॅडम."

तिनं सांगितलं ते मला पहिल्यांदाच कळत होतं. धक्का बसत नाही. गिअर घसरत नाही. फक्त उशिरा पडतो. "आणि पाय थोडा उचलला ना, की लगेच पडते."

मिस्त्री खुश झाले. "अर्धं काम तं तुम्हीच केलं."

मग त्यांनी गिअरबॉक्सचं तेल पाहिलं. मी घरी पाहिलं होतं, सकाळी, थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून, आणि जास्त आहे म्हणून जाहीरही केलं होतं. ते म्हणाले, या गिअरबॉक्सचं तेल गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहायचं असते. त्यांनी पाहिलं. बरोबर रेघेवर. रंग लाल, जळका वास नाही. म्हणजे आतलं सगळं धड होतं. मग ते बॉनेटमध्ये वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"या केबलले कोणी हात लावला?"

आता आमच्या पिढीचं सांगतो. आम्ही मोपेडवर वाढलेली माणसं. ढिली केबल दिसली की आमचा हात आपोआप पान्याकडे जातो. ब्रेकची असो, क्लचची असो, तिच्यातला झोल काढला की गाडी सुधारली असं आम्ही मानतो. दसऱ्याला गाडी धुतली, बॉनेट उघडून हळदकुंकू लावलं, तेव्हा एक केबल लोंबताना दिसली. मी ती चांगली कसली. वर झेंडूचं फूल ठेवलं.

"मी," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत हेडमास्तरांनीही तसं पाहिलं नव्हतं.

मिस्त्री समजावू लागले. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय किती दाबला, हे ही केबल गिअरबॉक्सले सांगते. तुम्ही ताणून ठेवली, तर त्याले वाटते मॅडम कायम घाट चढून राहिल्या. तो बिचारा खालचा गिअर धरून बसते. "त्याची काही चूक नाही."

केबल धरून ठेवणारा चेकनट ढिला करून त्यांनी ती थोडी सोडली. "आता मॅडम आणि मी चक्कर मारून येतो. तुम्ही इथंच बसा भाऊ. वजनानं अंदाज चुकते."

मी संत्र्याच्या कॅरेटवर बसलो. गाडी तिगावच्या रस्त्यानं गेली, आली. या वेळी गिअर फारच लवकर पडत होता. "इतकी ढिली नाही ठेवायची," मिस्त्री म्हणाले, "आतल्या क्लचपट्ट्या घसरून जळते." अर्धा आटा परत कसला. पुन्हा चक्कर. पुन्हा पाव आटा. तिसऱ्या खेपेला मिस्त्री उतरले, ती उतरलीच नाही. काच खाली करून म्हणाली, "मी एकटी जाऊन पाहते."

गाडी वळणाआड गेली. मी कान देऊन होतो. एक, मग हळूच दोन, मग तीन, आणि केकाटणं कुठंच नाही.

परतताना ती चालवत होती, मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. सौंसर आलं, घराची गल्ली आली, ती वळलीच नाही.

"अगं, घर मागं राहिलं!"

"शाळेजवळचा चढ पाहून येऊ."

चढावर तिनं पाय दाबला, गाडीनं खालचा गिअर घेतला, वर पोचल्यावर शहाण्यासारखा सोडला. शाळेच्या बंद फाटकासमोर तिनं गाडी थांबवली आणि भावाला फोन लावला. "गिऱ्हाइकाले नको पाठवू. गाडी ठणठणीत आहे." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. "काही नाही रे, एक केबल होती. कशी काय कसली गेली, देव जाणे."

मग फोन ठेवून मला म्हणाली, "घरी गेलो की तुमचा तो पाना माह्याजवळ द्या."

तेव्हापासून तो तिच्या पर्समध्ये असतो, आणि ती रोज वेळेवर पोचते.