वरच्या पट्टीतला पुरुष

रविवारी दुपारी मी मोबाइलवर तीनशे वर्षांपूर्वीच्या इटालियन ऑपेरातलं एक गाणं ऐकत होते. शेजारी हे मेथी निवडत बसले होते.

"कोण गं ही बाई? काय गोड गाते!"

"अहो, बाई नाही. बघा." पडद्यावर चांगला दाढीवाला पुरुष गात होता. पूर्वी अशी गाणी, आवाज फुटू नये म्हणून लहानपणीच खच्ची केलेले गायक गात, हे मी त्यांना सांगितलं. आता ते क्रौर्य संपलंय. पुरुष नुसत्या रियाजाने ती पट्टी गाठतात.

आमच्या यांचा आवाज वयात येतानाही फुटला नाही. फोनवर अजून लोक त्यांना 'ताई' म्हणतात, म्हणून चारचौघांत ते गप्पच असतात.

"याला कुणी हसत नाही?"

"तिकीट काढून येतात लोक. रडतातसुद्धा."

"पुन्हा लाव."

बाई-पुरुष ही लेबलं आवाजाला आपण चिकटवतो. स्वर बिचारा नुसता वर जातो. दुसऱ्यांदा गाणं सुरू झालं आणि हे हलकेच सोबत गुणगुणू लागले. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पहिल्यांदाच गाताना ऐकत होते. ते थांबू नयेत म्हणून मी मान वर केलीच नाही.