तळघरातला मुरली

माझ्या सरोजामामीला जगात कुणाचा हेवा वाटत नसे, एक तिची धाकटी जाऊ मंगला सोडून.

तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत दोघींची घरं समोरासमोर. मंगलाने मिक्सर घेतला तेव्हा रगड्यात वाटलेल्या पिठाची चव मामीने आम्हाला महिनाभर ऐकवली. मंगलाकडे फोन बसला, तरी तिथे जाऊन बोलणं मामीला मंजूर नव्हतं. अमेरिकेतून मुरलीचा, म्हणजे तिच्या मुलाचा, रविवारी फोन यायचा तो कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर, आणि सोबतीला मला जावं लागायचं.

सत्त्याण्णव साली मंगलाच्या प्रद्युम्नाने न्यू जर्सीत घर घेतलं. त्याच सुमारास मुरलीही नोकरीसाठी तिथे पोचला आणि त्याच घराच्या तळघरात भाड्याने राहू लागला. मंगला घराचे फोटो गल्लीभर दाखवत फिरली. मामीला त्यात जमिनीलगतची एक बुटकी खिडकी तेवढी दिसली.

"माझा लेक, आणि तिच्या लेकाच्या पायांखाली!" ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मुरलीने वेगळं घर भाड्याने घ्यावं म्हणून तिने त्याच्यामागे लकडा लावला. पण तिकडची तऱ्हाच उलटी. ज्याने कधी उसनं घेतलं नाही, त्याच्यावर तिथे कुणी भरवसा ठेवत नाही. हा माणूस कर्ज घेऊन वेळेवर फेडतो का, हे घरमालक आधी तपासतो. तंजावूरची अब्रू तिथे कोण विचारतो? म्हणून मुरलीने बँकेत आपलेच पैसे अडकवून एक क्रेडिट कार्ड मिळवलं. दर महिन्याला त्यावर किराणा घ्यायचा आणि फेडायचा. असं करत राहिलं की नाव तयार होतं.

आता मामीच्या घरचा रिवाज असा, की भोगीच्या आधी दूधवाल्यापासून फूलवालीपर्यंत सगळ्यांचं देणं चुकतं झालं पाहिजे. नेमका भोगीच्या आदल्या रविवारी मुरलीने फोनवर कार्डाचं सांगितलं.

"कडन?" मामी किंचाळली. कर्जाला आमच्यात तमिळ शब्दच चालतो. बूथमधली माणसं वळून बघू लागली. "भोगीला अंगावर कडन? मंगलाला कळलं तर काय म्हणेल ती? अत्ता फेड अस्कं, पै न् पै, आणि ते कार्ड बंद कर. नोको ते."

मुरलीने खरंच बंद केलं.

दिवाळीच्या सुमारास एका घरमालकाने त्याला परत पाठवलं. तुमच्या नावावर काहीच दिसत नाही, जामीन आणा, म्हणाला. जामीन राहण्यासारखा ओळखीचा एकटा प्रद्युम्न, आणि मुरलीला त्याच्याकडे तोंड उघडवेना.

"अम्मा, तूच काकीला सांग की. काकीने सांगितलं तर तो सही करील."

मामी कित्येक दिवस धुसफुसली. शेवटी लग्नाला निघाल्यासारखी जरीची साडी नेसली आणि मला घेऊन रस्ता ओलांडून गेली.

मंगलाने कापी, म्हणजे आमची कॉफी, दिली. एकदम सही कशी मागायची, म्हणून मामीने आधी कार्डाची सगळी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता मंगलाचे डोळे भरून आले.

"अक्का, तुमच्या एका शब्दावर बंद केलं त्यानं?"

"मग!"

"माझा तर फोनच करीना. ते फोटो पण सुनेनं धाडलेले. गल्लीला दाखवते आणि मागल्या दारी बसून रडते. अक्का, खरं सांगते, मला तुमचा फार हेवा वाटतो."

मामी कापी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तिने मंगलाच्या पाठीवरून हात फिरवला. तशी माया तिने जावेवर आजवर कधी केली नव्हती. मग ती उठली आणि तरंगतच घरी आली. मंगलाचं ते शेवटचं वाक्य तिने रात्रीपर्यंत माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

रविवारी मुरलीने विचारलं, "काकीला सांगितलंस?"

मामी गडबडली. सहीचं ती साफ विसरली होती. पण क्षणभरच.

"कशाला ती सही? भावाचंच घर ते. राहा की आणखी तिथंच."



"बरं, अम्मा," मुरली म्हणाला.